कथातंत्राचे पत्ते: निळे भारी, पिवळे बाजूला ठेवा

गोष्ट लिहायला बसलं की माझं नेहमी एकच व्हायचं, काहीतरी खटकतंय हे कळायचं पण काय ते सांगता यायचं नाही, आणि ज्यांना वाचायला द्यायचो ते पण "मधे जरा बोअर होतंय रे" एवढंच म्हणून मोकळे व्हायचे. म्हणून साहित्यातल्या संज्ञांचा आणि कथातंत्राचा हा पत्त्यांचा सेट मागवला. दोन महिने वापरतोय, आता बोलायला हरकत नाही.

पत्त्यांच्या कॅटसारखाच दिसतो, फक्त आकाराने मोठा. पिवळ्यावर अलंकार, हिरव्यावर कथानक आणि पात्रं, निळ्यावर गोष्ट सांगायच्या युक्त्या. पुढे संज्ञा, मागे व्याख्या आणि उदाहरण. छपाई ठीकठाक, अक्षर बारीक, कोपरे आत्ताच सोलायला लागलेत. ते जाऊ दे.

खरी मजा निळ्यात आहे. सेटसोबत एक चिठ्ठी येते, त्यावर चार ओळींची गोष्ट. एक माणूस पाच वर्षांनी घरी येतो. जुनी किल्ली लावतो. ती लागत नाही. आतून कुणीतरी विचारतं, कोण आहे? संपली गोष्ट. आणि प्रत्येक निळा पत्ता सांगतो की हीच आता अशी सांगून दाखव. मला आधी वाटलं शाळकरी प्रकार आहे, पण तिसऱ्या पत्त्यापर्यंत मी रात्री दीड वाजता वही घेऊन बसलो होतो.

उदाहरणार्थ थेट मधून सुरुवात करायची युक्ती. रोमन कवी होरेसपासून हिचं नाव चालत आलंय, म्हणजे काही नवीन नाही. मी लिहिलं, "किल्ली अर्ध्यातच अडकली." बास, आता तो कोण, कुठून आला, कधी गेला होता हे सगळं वाचकच विचारत बसतो, मला प्रवासाचं पानभर वर्णन करायची गरजच उरली नाही. माझ्या जुन्या कथांमध्ये "मधे बोअर होतंय" का होतं ते तेव्हा लख्ख कळलं, मी प्रत्येक वेळी माणसाला झोपेतून उठवून, आंघोळ घालून मग दारापर्यंत आणत होतो.

दुसरा जबरदस्त पत्ता नाट्यगत उपरोधाचा. वाचकाला आधीच सांगून टाकायचं की घर कधीच विकलं गेलंय, आणि मग त्या माणसाला दारात उभं करायचं. तो शर्ट नीट करतो, केसावरून हात फिरवतो, आतल्यांना काय सांगायचं त्याची उजळणी करतो आणि आपल्याला ते बघवत नाही. माहिती एकच, फक्त कुणाला कधी दिली यावर गोष्टीची जात बदलली. शेवटी सांगितलं तर धक्का, आधी सांगितलं तर घालमेल. हे मला दहा लेख वाचून कळलं नव्हतं ते एका पत्त्याने कळलं. फक्त नावाबद्दल माझी तक्रार आहे. उपरोध म्हटलं की आपल्याला टोमणा आठवतो, आणि इथे कुणी कुणाला टोमणा मारत नाहीये. पाठ्यपुस्तकांत हाच शब्द रूढ आहे म्हणून सेटवाल्यांनी ठेवला असेल, पण खाली एक ओळ खुलासा टाकायला काय जात होतं?

अविश्वसनीय निवेदकाचा, म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यावरच भरवसा ठेवता येत नाही त्याचा, पत्ता पण छान. ही संज्ञा वेन बूथ या अमेरिकन समीक्षकाने १९६१ मध्ये रुजवली, युक्ती अर्थातच त्याच्या कितीतरी आधीची. मी त्या माणसालाच "मी" करून बोलायला लावलं आणि तो एका पानात तीनदा म्हणाला की मी काही भांडून गेलो नव्हतो. विचारलंच नव्हतं कुणी!

आता निळ्यातली मोठी चूक. दृष्टिकोनाच्या पत्त्यावर प्रथमपुरुषी, द्वितीयपुरुषी, तृतीयपुरुषी एवढं सांगून विषय संपवलाय. अहो पण बोलतंय कोण आणि बघतंय कोण हे दोन वेगळे प्रश्न आहेत ना. "तो दारात उभा राहिला, दार पूर्वीपेक्षा लहान वाटलं" हे वाक्य तृतीयपुरुषी आहे, बोलतोय निवेदक, पण दार लहान कुणाला वाटलं? त्याला. म्हणजे डोळे त्याचे, तोंड निवेदकाचं. जेरार जेनेट या फ्रेंच अभ्यासकाने १९७२ मध्ये हा फरक नीट मांडला आणि लिहिणाऱ्याला रोज लागणारी गोष्ट आहे ही, कारण नवशिक्यांच्या कथेत (माझ्याही) घोळ इथेच होतो, एका परिच्छेदात डोळे त्याचे आणि पुढच्याच ओळीत दाराआडच्या बाईच्या मनात काय चाललंय ते.

हिरवे पत्ते मिश्र आहेत. गोष्ट आणि कथानक यातला फरक चांगला दिलाय, इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टरचं १९२७ चं राजा-राणीचं उदाहरण घेऊन. राजा मेला आणि मग राणी मेली ही गोष्ट, राजाच्या दुःखाने राणी मेली हे कथानक. "मग" च्या जागी "म्हणून" आला की झालं. पण फ्रायटाग या जर्मन लेखकाच्या पिरॅमिडच्या (गोष्ट उत्कर्षबिंदूपर्यंत चढते आणि मग उतरते ती आकृती) पत्त्यावर लिहिलंय की प्रत्येक कथेचा आकार असाच असतो, आणि चित्रात उत्कर्षबिंदू पार उजवीकडे, शेवटाला चिकटवलाय. फ्रायटागने १८६३ मध्ये लिहिलं ते नाटकाबद्दल, पाच अंकांचा हिशोब धरून, आणि त्याचा उत्कर्षबिंदू मधोमध आहे, म्हणून तर तो पिरॅमिड ना! शेवटाला ढकलला तर त्याला घसरगुंडी म्हणा.

रशियन लेखक चेकॉव्हच्या बंदुकीचंही तेच. पत्त्यावर तिला पूर्वसूचना म्हणून टाकलंय. १८८९ च्या एका पत्रात चेकॉव्हचं म्हणणं साधं होतं, कुणी झाडायचा विचारच करत नसेल तर भरलेली बंदूक रंगमंचावर ठेवू नका. हा काटकसरीचा नियम झाला. पूर्वसूचना म्हणजे पुढे काय होणार याची हळूच दिलेली चाहूल, माझ्या गोष्टीत किल्लीवर गंज चढलाय तसं. दोन्ही एकत्र येऊ शकतात पण एकच नाहीत.

आणि एक खंत. ग्रीक नाटकात पेच सोडवायला यारीने, म्हणजे क्रेनसारख्या यंत्राने, देव खाली उतरवायचे तिथून आलेली संज्ञा अख्ख्या पत्त्यावर सचित्र आहे, चांगलंय, मला आवडलं, पण नाट्यशास्त्रातल्या बीज, बिंदू, पताका, प्रकरी, कार्य या कथानकाच्या पाच घटकांना मिळून एकच पत्ता? बिंदू म्हणजे मधे तुटलेला धागा परत जोडणारी गोष्ट, याला दुसरा इतका नेमका शब्द मला तरी माहीत नाही. पताका म्हणजे लांब चालणारं उपकथानक, प्रकरी म्हणजे छोटंसं. आम्ही मात्र सबप्लॉट सबप्लॉट करत बसतो.

पिवळे पत्ते सरळ बाजूला काढा. व्याख्या, उदाहरण, संपलं, करायला काहीच नाही. वर घोळ असा की रूपक अलंकार आणि अख्खी गोष्टच दुसऱ्या अर्थाने चालते ती रूपककथा, दोन्ही पत्त्यांवर नुसतं "रूपक" छापलंय. उपमा आणि उत्प्रेक्षा तर एकाच पत्त्यात कोंबल्यात. मी चिडून किल्लीवरच करून बघितलं. किल्ली हाडासारखी गार, ही उपमा. किल्ली म्हणजे जणू गार हाडच, उत्प्रेक्षा. किल्लीचं गार हाड खिशात घेऊन तो पाच वर्षं फिरला, रूपक. आणि किल्लीचं नावच गाळून "ते गार हाड" म्हटलं तर जुने लोक त्याला अतिशयोक्तीत धरतात. चार वाक्यं, चार तापमानं. हे काम पत्त्यावर द्यायला हवं होतं राव.

परीक्षेसाठी पाठांतर करायचं असेल तर घेऊ नका, चुकीचं पाठ होईल. लिहिणाऱ्यांनी घ्या, हिरवे वाचताना पेन्सिल जवळ ठेवा. माझ्याकडे किल्लीच्या गोष्टीची आता अकरा रूपं आहेत, त्यातलं आतून विचारणाऱ्या बाईच्या डोळ्यांनी लिहिलेलं अजून पूर्ण होत नाहीये. मित्राने सेट मागितला म्हणून परवा दिला. निळे काढून घेऊन.