पिवळा बल्ब काढून काय लावायचं? आधी जागा बघा

तारेच्या साध्या पिवळ्या बल्बचे दिवस भरलेत, याबद्दल आता वाद नाही. युरोपनं २००९ पासून १०० वॅटपासून सुरुवात करून तो टप्प्याटप्प्यानं बाजारातून काढला, अमेरिकेत १ ऑगस्ट २०२३ पासून विक्रीचा नियम कडक झाला. आपल्याकडं बंदीपेक्षा स्वस्ताईनं काम केलं. ५ जानेवारी २०१५ ला उजाला योजना सुरू झाली आणि ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब घरोघरी गेले. तरी कोल्हापुरात जुन्या वाड्याच्या जिन्यात, गोठ्यात, गुऱ्हाळघरात, उद्यमनगरातल्या शेडमध्ये पिवळा बल्ब अजून टिकून आहे. तो काढून काय लावायचं, एवढाच प्रश्न. उत्तर मात्र सगळ्या खोल्यांना एकच नाही.

आधी पैसे, कारण तिथं फार विचार करायला लागत नाही. साठ वॅटचा बल्ब रोज पाच तास जळला तर महिन्याला ९ युनिट. तेवढाच उजेड देणारा १५ वॅटचा सीएफएल सव्वादोन युनिट घेतो, ९ वॅटचा एलईडी दीड युनिटही घेत नाही. युनिट आठ रुपये धरलं तर ७२, १८ आणि ११ रुपये. शंभराच्या आसपासचा एलईडी दुसऱ्या महिन्यात आपली किंमत वसूल करतो. पिवळ्या बल्बमध्ये शंभरातली जेमतेम पाच हिस्से वीज उजेड होते, बाकीची काच तापवते. आयुष्य साधारण हजार तास. एलईडीच्या खोक्यावर पंधरा ते पंचवीस हजार तास लिहिलेलं असतं. ते खरं होईल का, ते तुम्ही तो कुठं लावता यावर.

घरातला सगळ्यात लबाड दिवा म्हणजे झिरोचा बल्ब. नावात झिरो, खातो मात्र बारा ते पंधरा वॅट. देवघरात किंवा माजघरात तो रात्रभर दहा तास जळला तर महिन्याला साडेचार युनिट, म्हणजे पाच तास चालणाऱ्या ९ वॅटच्या एलईडीच्या तिप्पट. अर्ध्या वॅटचा एलईडी झिरो तेच काम महिन्याला पाव युनिटाच्या आत करतो. मोठे बल्ब आधीच बदलले असतील तर आज हा बदला.

सीएफएल आता नवा घेऊच नका. पेटायला वेळ लावतो, सारखी चालू-बंद केली की लवकर जातो (म्हणून बाथरूमला कधीच शोभला नाही), आणि आत पारा असतो. पाऱ्याचा वापर थांबवण्यासाठी झालेल्या आंतरराष्ट्रीय मिनामाटा करारानुसार २०२७ संपेपर्यंत सीएफएल आणि पाऱ्याच्या ट्यूबचं उत्पादन, आयात-निर्यात टप्प्याटप्प्यानं थांबणार आहे, त्यामुळं जुन्या चोकच्या पट्टीतही नवी ट्यूब घालत बसण्यापेक्षा वीस वॅटची एलईडी पट्टी बरी. घरात असलेला सीएफएल चालतोय तोवर चालू द्या. फुटला तर खिडक्या उघडा, तुकडे जाड कागदावर गोळा करा, केरसुणीनं उडवू नका.

आता रंगाचं. इथं बहुतेक जण चुकीचा बल्ब घेतात, कारण दुकानात पांढराशुभ्र जास्त उजेडाचा वाटतो. खोक्यावर २७०० किंवा ३००० के (केल्विन, उजेडाच्या रंगाचं माप) असेल तर तो पिवळसर, ६५०० के म्हणजे निळसर पांढरा, ४००० मधला. गुजरीतले सराफ हे कुणाला विचारून करत नाहीत: सोन्यावर पिवळा, चांदीवर पांढरा. घरी बसायच्या आणि झोपायच्या खोलीत पिवळसर, अभ्यासाच्या टेबलावर आणि ओट्यावर मधला, असं मी सांगेन. पावसाळ्यात अंगणात आणि गोठ्यातही पिवळसरच, पांढऱ्यापेक्षा किडे कमी येतात.

पण नुसता रंग जुळून भागत नाही. पिवळ्या बल्बच्या उजेडात प्रत्येक वस्तूचा रंग खुलून दिसायचा, लाल तर विशेष. स्वस्तातला एलईडी लाल रंगावर मार खातो. त्याखाली तांबडा रस्सा विटकरी दिसतो आणि मटण शिळं वाटतं. खानावळ किंवा साडीचं दुकान असेल तर खोक्यावर सीआरआय हा आकडा शोधा, रंग किती खरे दिसतील ते तो शंभरपैकी सांगतो. ८० चालतो, ९० असेल तर चार पैसे जास्त मोजा. पिवळ्या बल्बचा हा आकडा शंभराला टेकलेला असायचा. घराच्या जिन्याला मात्र ९० चा हट्ट म्हणजे पैसे वाया.

जुन्या वाड्यात आणखी एक अडचण येते. वायरला लोंबणारा पिवळा बल्ब चहूबाजूंनी उजेड द्यायचा, तुळया-कड्या दिसायच्या. साधा एलईडी अर्धा प्लास्टिकचा असतो, त्यामुळं उजेड खाली पडतो आणि माळा अंधारात जातो. तिथं काचेचा फिलामेंट एलईडी लावा. दिसतोही जुन्यासारखा. बंद काचेच्या गोळ्यात किंवा तोंडाशी घट्ट बसणाऱ्या शेडमध्ये मात्र साधा एलईडी कोंडू नका. दिव्याचे दाणे उडत नाहीत, बुडातलं सर्किट तापून मरतं. गुऱ्हाळघरात वाफ, धूर आणि आच तिन्ही असतात. तिथं बल्बच्या मागं न लागता आयपी ६५ (धूळ-पाणी आत जात नाही अशी खूण) लिहिलेली बंद पट्टी घ्या आणि काहिलीच्या बरोबर वर लावू नका.

खेड्यात व्होल्टेजचा खेळ वेगळा. व्होल्टेज पडलं की पिवळा बल्ब निखाऱ्यासारखा व्हायचा. चांगल्या ड्रायव्हरचा (बुडातल्या वीज सांभाळणाऱ्या सर्किटचा) एलईडी शंभर व्होल्टपासून तीनशेपर्यंत तसाच जळतो. पण वेगळा ड्रायव्हर न घालता पत्र्यावरच सगळं जुळवलेले वीस-तीस रुपयांचे लोकल बल्ब व्होल्टेज चढलं की पहिल्या झटक्यात जातात. बीआयएसची नोंदणी खूण, बीईईच्या ताऱ्यांचं लेबल आणि पक्कं बिल घ्या. वॉरंटी असेल तर बिलाचा मोबाईलवर फोटो ठेवा, कारण बदलून द्यायच्या वेळी तोच मागतात.

लेथवाल्यांसाठी दिव्याच्या मिटमिटण्याचा मुद्दा पैशापेक्षा मोठा आहे. हलक्या ड्रायव्हरचा एलईडी आणि चोकची जुनी ट्यूब सेकंदाला शंभर वेळा मिटमिटतात. डोळ्याला कळत नाही, पण ठरावीक वेगानं फिरणारा जॉब (मशीनवर लावलेला तुकडा) थांबल्यासारखा दिसू शकतो, आणि हात तिथंच जातो. पिवळ्या बल्बची तार तेवढ्या वेळात थंडच होत नसल्यामुळं तो मशीनवर भरवशाचा होता. बदलताना मोबाईलचा कॅमेरा दिव्यासमोर धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो बल्ब मशीनवर नको.

दोन ठिकाणी पिवळा बल्ब काढूच नका. मोटर रिवाइंडिंगवाल्यांच्या सिरीज बोर्डावर (बल्बमधून वीज देऊन मोटर तपासायच्या बोर्डावर) शंभर किंवा दोनशेचा बल्बच हवा. वाइंडिंग शॉर्ट असेल तर तो पूर्ण पेटतो आणि करंटही अडवून धरतो. एलईडी थोड्या करंटवरही पेटतो, त्यावरून काहीच कळत नाही. दुसरी जागा कोंबडीच्या पिल्लांची. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश ऊब लागते, म्हणून पिल्लामागं एक-दोन वॅटचा हिशेब धरतात. तिथं बल्बची उष्णता हेच काम आहे आणि एलईडी लावला तर पिल्लं उजेडात गारठतील. पिवळा मिळेनासा झाला तर लाल इन्फ्रारेड बल्ब नाहीतर गॅस ब्रूडर घ्या. शेड मोठं असेल तर ब्रूडरच परवडतो. पन्नासेक पिल्लं असतील तर इन्फ्रारेड पुरतो, फक्त होल्डर चिनी मातीचा घ्या, त्या आचेला प्लास्टिकचा वितळतो.