कंबरदुखी: कायरोप्रॅक्टर की फिजिओ?

गेल्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी माळ्यावरून चौरंग काढताना कंबरेत उसण भरली. आईने लगेच सोसायटीत कोणी पायाळू आहे का याची चौकशी सुरू केली. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण जाते, यावर तिचा अजून विश्वास आहे. पायाळू काही मिळाला नाही. ऑफिसातल्या एकाने कायरोप्रॅक्टरचा, म्हणजे हाताने झटका देऊन मणके मोकळे करणाऱ्याचा, नंबर दिला, आणि हाडांच्या डॉक्टरांनी एमआरआयची घाई नको म्हणत फिजिओकडे पाठवलं. मी दोन्हीकडे जाऊन आलो. तुम्ही सध्या त्याच फाट्यावर उभे असाल (उभं राहवत असेल तर), म्हणून हे लिहितोय.

मात्र लघवीवर ताबा राहत नसेल, बसायची जागा बधिर झाली असेल किंवा पाऊल उचलत नसेल तर हे वाचत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा. हाडं ठिसूळ असणाऱ्यांनीही कडकड करून घेण्याच्या फंदात पडू नये.

कायरोप्रॅक्टरकडचं सुख खोटं नाही. एका कुशीवर झोपवलं, वरचा गुडघा पोटाशी घेतला, खांदा मागे दाबला, ‘श्वास सोडा’ म्हणाले आणि मी सोडत असतानाच कट-कट-कट. उठलो आणि तीन आठवड्यांत पहिल्यांदा उभ्याने पायात मोजा चढवला. माझ्याकडे कंबर मोजायचं साधन म्हणजे हा मोजाच. खाटेवर बसून, पाय दुसऱ्या हाताने उचलून घालावा लागला तर दिवस वाईट.

आवाजाबद्दल मात्र भ्रम नको. तो मणका जागेवर बसल्याचा आवाज नसतो. 2015 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी बोटं मोडतानाचं एमआरआय चित्रण केलं, तेव्हा सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होताना दिसली. ‘तुमचा मणका सरकलाय’ हे वाक्य ऐकलं की मी आता जरा सावध होतो. 1895 साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी हे शास्त्र काढलं तेव्हापासून ते वाक्य या ना त्या रूपात चालू आहे.

मला नडलं ते वेगळंच. क्लिनिक पुण्यात बाणेरला, मी पार धायरीला. शनिवारी पाठ मोकळी करून घ्यायची आणि तीच पाठ स्कूटरवर घालून तासभर खड्डे आणि स्पीडब्रेकर मोजत घरी आणायची. रविवार छान जायचा. मंगळवारी मी पुन्हा खाटेवर, मोजा हातात. ‘मधल्या दिवसांत घरी काय करू?’ असं विचारलं की उत्तर एकच, ‘काही नाही, पुढच्या सिटिंगला या.’ तिसऱ्यांदा हे ऐकलं तेव्हा चरफडलो. कंबर माझी, पण तिची किल्ली बाणेरला! सगळेच असं करत नसतील, व्यायाम देणारेही असतीलच. मला भेटले ते देत नव्हते.

फिजिओथेरपीची सुरुवातही काही देखणी नव्हती. पहिल्या ठिकाणी पाठीला वायरी चिकटवून, वर शेक देऊन वीस मिनिटं पडद्याआड सोडून द्यायचे. ते मी आठवड्यात बंद केलं. जागतिक आरोग्य संघटनेच्या डिसेंबर 2023 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आहे आणि हाताने मणके मोकळे करणंही आहे, तेव्हा कायरोप्रॅक्टिकला थोतांड म्हणायचं कारण नाही. पण ट्रॅक्शन (कंबर ताणणं), अल्ट्रासाउंडचा शेक, टेन्सचं (वायरी चिकटवून सौम्य वीज सोडणारं) मशीन आणि कंबरेचा पट्टा हे सरसकट देऊ नये, असंही त्यातच आहे. आपल्याकडे फिजिओ म्हणजे नेमकं हेच, अशी पुष्कळांची समजूत असते.

दुसऱ्या फिजिओबाईंनी मशीनला हातही लावला नाही. आधी मला चौरंग उचलल्याची नक्कल करायला लावली. मग पालथं झोपवून कोपरांवर उचलायला सांगितलं, थोडंफार भुजंगासनासारखं, आणि विचारलं, ‘पायातली कळ वर कंबरेकडे सरकतेय की खाली पोटरीकडे?’ वर सरकत होती. ‘मग हाच तुमचा व्यायाम. दर दोन-तीन तासांनी दहा वेळा.’ पुढे ब्रिजिंग (उताणं झोपून कंबर वर उचलणं) आलं, हातापायांवर ओणवं होऊन तोल सांभाळणं आलं. अतिशय कंटाळवाणा प्रकार. कटकन काही होत नाही, आणि पहिल्या आठवड्यात पैसे वाया गेले असंच वाटतं. पण मंगळवारी दुखलं तर मंगळवारीच, ऑफिसच्या मीटिंग रूममध्ये सतरंजी टाकून, मी माझं बघू शकत होतो.

अशी उसण बऱ्याचदा काही आठवड्यांत आपोआपही उतरते, त्यामुळे सगळं श्रेय बाईंना द्यावं का, नक्की सांगता येणार नाही. तुम्हाला उद्या लग्नात उभं राहायचं असेल आणि क्लिनिक चालत जाण्याच्या अंतरावर असेल, तर एखादं सिटिंग करून बघायला हरकत नाही. बारांचं पॅकेज मात्र लगेच घेऊ नका. माझी चार अजून शिल्लक आहेत. दुसऱ्याच्या नावावर होत नाहीत, विचारून झालंय.