‘रेझिन पॅड ओन्ली’: टुरिंग सायकल, पाच महिने आणि सहा खिंडींनंतर

या सायकलीची माहिती सगळीकडे पडलेली आहे: स्टीलची फ्रेम, पुढे 48-36-26 आणि मागे 11-34 दात्यांचे गियर, केबलवर चालणारे डिस्क ब्रेक, पुढेमागे कॅरियर. त्यामुळे ती पुन्हा उगाळत नाही. मे महिन्यात घेतली, आज ऑक्टोबर संपत आलाय, काट्यावर 2300 किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वॉरंटीचा वाद अजून मिटलेला नाही आणि मला तो मिटवायचा आहे, पेटवायचा नाही.

आल्प्समध्ये सायकल घेऊन गेलो म्हटलं की जो तो चढाबद्दल विचारतो. चढाला या सायकलीत काहीही अडचण नाही. पुढचा 26चा, मागचा 34चा, पेडलचा एक फेरा मारला की सायकल पावणेदोन मीटरच्या आतबाहेर सरकते. मिनिटाला साठ फेरे म्हणजे ताशी साधारण सहा किलोमीटर. चालण्यापेक्षा थोडं बरं, पण 23 किलो सामानासकट आणि गुडघे शाबूत ठेवून. चढाचा विषय इथेच संपला. पुढचं सगळं ब्रेकबद्दल आहे. ज्यांना त्यात रस नाही त्यांनी सायकल बिनधास्त घ्यावी.

जूनच्या अखेरीस पहिली सफर: डिसेंटिसहून ओबरआल्प, 2044 मीटर. वर खिंडीत चक्क एक लाल दीपगृह उभं आहे, कारण ऱ्हाईनचा उगम जवळच आहे. तिथून खाली अँडरमाटला मुक्काम, दुसऱ्या दिवशी फुर्का, 2429 मीटर. माथ्यावर पोचेपर्यंत आनंदीआनंद होता. मग पाऊस सुरू झाला. मी पुढचा ब्रेक हलका दाबून ठेवला आणि सावकाश ग्लेचकडे उतरायला लागलो. ऱ्होन हिमनदीजवळच्या वळणावर ते जुनं, बंद पडलेलं बेल्वेदेर हॉटेल आहे. तिथे ब्रेकची कांडी दाबली तर ती थेट हँडलला टेकली. पुन्हा दाबली, पुन्हा टेकली. सायकल चालूच.

मागच्या ब्रेकवर आणि एका पायाच्या बुटावर कशीबशी थांबवली. हॉटेलच्या भिंतीपाशी उभा राहून केबलचा स्क्रू फिरवला, तेव्हा अर्धाअधिक ब्रेक परत आला. केबलच्या ब्रेकची ही गोम मला ऐकून माहीत होती, अनुभवली नव्हती: हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पॅड (डिस्कला दोन्हीकडून दाबणाऱ्या पट्ट्या) झिजतील तसे आपोआप जवळ येतात, हे येत नाहीत. स्क्रू आपणच फिरवायचा, आणि माझ्या कॅलिपरमध्ये (पॅड धरणाऱ्या भागात) आतल्या बाजूच्या पॅडसाठी वेगळी चावी लागते. ती चावी पॅनियरच्या, म्हणजे कॅरियरला अडकवलेल्या पिशवीच्या तळाशी, ओल्या मोज्यांखाली होती. ग्लेच गाठलं, तिथून रांगत ओबरवाल्ड आणि मग रेल्वेने ब्रिग. ऱ्होनच्या काठाने लाल पाट्यांचा राष्ट्रीय सायकलमार्ग क्रमांक 1 जातो, त्याच्यासाठी मी महिनाभर नकाशे पाहिले होते. गोम्सचं खोरं मी खिडकीतून पाहिलं.

पॅड 700 किलोमीटरमध्ये संपले होते. आता खरं दुखणं. ब्रिगच्या दुकानात दोन प्रकार मिळाले: रेझिनचे 18 फ्रँक, धातूचे 27. दुकानदार म्हणाला धातूचे जास्त टिकतात, पावसात तर नक्कीच. ते खरंच आहे. मी मनात हिशोब केला, दुप्पट टिकले तरी नऊ फ्रँक वाचले. घेतले. या नऊ फ्रँकांनी पुढे मला काय दाखवलं ते वाचा.

ऑगस्टमध्ये लांडेकहून रेशनमार्गे स्टेल्वियो. रेशन खिंड सोपी, 1500 मीटरच्या आसपास. पलीकडच्या तलावात ग्राउनच्या जुन्या चर्चचा मनोरा पाण्यातून वर आलेला दिसतो. 1950 मध्ये धरण भरलं तेव्हा गाव खाली गेलं, मनोरा राहिला. तिथून आदिजे नदीच्या काठाने सफरचंदांच्या बागांतून उतरणारा सायकलमार्ग इतका सुरेख आहे की ब्रेकबद्दल विचार करावासा वाटू नये. पण करावा लागला, कारण धातूचे पॅड किंचाळत होते. साधी कुरकुर नव्हे. स्विस पोस्टाच्या पिवळ्या बसचा तो प्रसिद्ध तीन सुरांचा भोंगा वळणावर वाजतो ना, त्याच्यापेक्षा दूरवर माझा ब्रेक ऐकू जायचा. गाई मान वर करून बघायच्या. माझ्याबरोबर ऑफिसातला एक मित्र होता, वीस वर्षं जुन्या रिम ब्रेकच्या सायकलवर. तो पहिल्या दिवशी हसला, दुसऱ्या दिवशी शंभर मीटर मागे राहायला लागला.

स्टेल्वियोबद्दल थोडक्यात: प्राडहून 24 किलोमीटर, 48 वळणं, प्रत्येकाला आकडा. तो आकडा खालून वर कमी होत जातो आणि हाच काय तो दिलासा. 1820 ते 1825 या काळात कार्लो दोनेगानीने हा रस्ता बांधला, तेव्हा बहुधा घोडागाडीचा विचार होता, माझा नव्हता. आम्हाला थांबे धरून पाच तास लागले. माथा 2757 मीटर.

उतार उम्ब्राइल खिंडीवरून स्वित्झर्लंडमधल्या सांता मारियाकडे. जवळजवळ 1400 मीटर खाली. अर्ध्यावर करपल्यासारखा वास आला म्हणून थांबलो. मित्राने बाटलीतलं पाणी बोटावर घेऊन डिस्कवर एक थेंब टाकला. चर्र आवाज आला आणि थेंब नाचत नाहीसा झाला, अगदी तव्यावर टाकतात तसा. डिस्क चमकत्या चांदीची राहिली नव्हती, पिवळट-निळी झाली होती. आणि तेव्हा, सायकलवर वाकलेलो असताना, रोटरच्या, म्हणजे या डिस्कच्याच, आतल्या पट्टीवर कोरलेली अक्षरं पहिल्यांदा दिसली: ‘रेझिन पॅड ओन्ली’. अक्षरं तांदळाच्या कणीएवढी.

घरी येऊन जाडी मोजली. नवा रोटर 1.8 मिलिमीटर असतो, 1.5च्या खाली गेला की बदलायचा. हेही त्याच कणीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. माझा 1.4 भरला. 1500 किलोमीटरमध्ये रोटर गेला.

दुकानात गेलो. तिथला माणूस अतिशय नम्र होता आणि तेच जास्त चिडवणारं होतं. म्हणाला, मऊ पोलादाच्या रोटरवर धातूचे पॅड लावले की तो असाच खरवडला जाणार, रोटरवर लिहिलेलं आहे, वॉरंटी नाही. मी म्हणालो, टुरिंगची म्हणून सायकल विकता, कॅरियर पुढेमागे देता, आणि ब्रेकला सगळ्यात स्वस्तातला रोटर लावता? तो म्हणाला, बहुतेक गिऱ्हाईकं तळ्याकाठी फिरवतात. कंपनीला दोन ईमेल पाठवले. पहिल्याला यंत्राने लिहिलेलं उत्तर आलं, दुसऱ्याला तेही नाही.

इथपर्यंतचा मजकूर मी ऑगस्टअखेरीस लिहून ठेवला होता आणि पाचपैकी दोन तारे देणार होतो. मग रागाच्या भरात हिशोब केला, कंपनीला तिसऱ्या ईमेलमध्ये तोंडावर मारायला. मी, सायकल, सामान मिळून 110 किलो. फुर्का ते ग्लेच 670 मीटर. ही ऊर्जा साधारण 720 किलोज्यूल होते, म्हणजे दोन लिटर गार पाण्याला उकळी आणण्याएवढी. ती कुठेतरी जाणारच: थोडी हवेत, उरलेली ब्रेकमध्ये. आणि हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणजे मी जो ‘काळजीपूर्वक’ ब्रेक सतत हलका दाबून वीसच्या वेगाने उतरत होतो, तेव्हा हवेला काही करूच देत नव्हतो. सगळी उकळी दोन पातळ चकत्यांवर, आणि त्यांना निवायला क्षणभर उसंत नाही.

तिसरी ईमेल पाठवली नाही.

सप्टेंबरमध्ये एअरोलोहून त्रेमोलाचा दगडी घाट चढलो, 24 वळणं, ग्रॅनाइटच्या चिऱ्यांवर. पॅनियरचे हुक इतके खडखडले की माथ्यावर जुनी ट्यूब कापून हुकांना गुंडाळली. ही फुकटची दुरुस्ती आजवर टिकून आहे. गोथार्ड, 2106 मीटर. पलीकडे होस्पेनटालपर्यंतचा उतार साधारण 650 मीटर, म्हणजे फुर्काएवढाच. या वेळी नवा रोटर (35 फ्रँक, दोन्ही पॅडना चालणारा), पण पॅड रेझिनचेच. सरळ रस्त्यावर ब्रेक पूर्ण सोडून द्यायचा, वळणाआधी दोन्ही घट्ट दाबायचे, वळणात शिरताना सोडायचे. पहिल्या तीन वळणांना पोटात गोळा आला. नंतर मजा यायला लागली. खाली थेंब टाकून पाहिला, चर्र झालं नाही, नुसता वाळला. आवाज शून्य. पॅडची झीज नखाने चाचपावी लागली.

तेव्हा दोनाचे साडेतीन तारे. अर्धी चूक माझी होती हे मान्य. उरलेल्या अर्ध्याचे दीड तारे मी कंपनीला परत देणार नाही. उतारावरचं तंत्र शिकवणं त्यांचं काम नाही, पण 35 फ्रँकांचा रोटर कारखान्यातच लावणं आहे. पुढच्या फोर्कमध्ये 180 मिलिमीटरचा मोठा रोटर बसतो, तो हिवाळ्यात बसवणार आहे. केबल काढून हायड्रॉलिक लावायचा सल्ला मित्र देतो, पण त्या पैशांत पंधराएक जोड्या रेझिन पॅड येतात आणि चावी आता मी खिशातच ठेवतो.

जुना रोटर टाकलेला नाही. ज्याला बघायचा असेल त्याला फोटो पाठवतो. अक्षरं वाचायला भिंग लागेल.