पोलो जीटी टीएसआय, ट्रॅक आणि साध्या डिस्क प्लेट: आठ महिन्यांनंतर

दसऱ्याच्या आदल्या दिवशी पुढच्या चाकांच्या दोन्ही ब्रेक डिस्क बदलल्या. आता पाऊस सुरू झालाय, म्हणजे आठ महिने झाले. एवढ्यात गाडी साडेनऊ हजार किलोमीटर चालली. त्यात ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवरचे दोन ट्रॅक डे (आपलीच गाडी रेस ट्रॅकवर पळवायचे दिवस) आले, जाता-येता बिजासन घाट चार वेळा झाला आणि धुळ्याचा अख्खा मे महिना निघाला. एवढं झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं. डिस्कबद्दलचं लिखाण बहुतेक वेळा बसवल्याच्या आठवड्यातलं असतं, आणि पहिल्या आठवड्यात सगळ्याच डिस्क चांगल्या वाटतात.

गाडी पोलो जीटी टीएसआय, १.२ टर्बो, १०५ पीएस. मागे ड्रम ब्रेक आहेत, त्यामुळे जी काही मारामारी होते ती पुढच्या दोन डिस्कवर. गाडी रोज दुकानावर जाते, महिन्यातून दोनदा नाशिकला जाते आणि थंडीत ट्रॅकवर. आमचा धुळ्याचा आग्रा रोड खरोखरच आग्र्याला जातो. शिरपूर, सेंधवा, इंदूर, ग्वाल्हेर करत आग्रा गाठायचं, तिथून यमुना एक्स्प्रेसवेचे १६५ किलोमीटर, की ग्रेटर नोएडा. हजारेक किलोमीटर होतात. गाडी ट्रकवर टाकून नेत नाही, चालवत नेतो आणि त्याच ब्रेकवर घरी येतो. म्हणून डिस्क निवडताना ट्रॅकइतकाच परतीचा रस्ताही डोळ्यासमोर ठेवावा लागतो.

याआधी गाडीला छिद्रं पाडलेल्या डिस्क होत्या. कंपनीचं नाव लिहीत नाही. अलॉयच्या आतून फार देखण्या दिसायच्या आणि मी त्या दिसण्यावरच घेतल्या होत्या. दुसऱ्या ट्रॅक डेनंतर परतताना बिजासन घाट उतरताना स्टिअरिंग थरथरायला लागलं. धुळ्यात आलो तो थेट आप्पांच्या गॅरेजवर. आप्पांनी चाक काढलं, डिस्कवरून अंगठ्याचं नख फिरवलं, एका जागी नख अडकलं. "भाऊ, हाई डिस्क आते सपनी." म्हणजे ही डिस्क आता संपली. एका छिद्रापासून शेजारच्या छिद्रापर्यंत सरळ भेग गेली होती. दुसऱ्या बाजूच्या डिस्कवर तशाच तीन.

असं का होतं हे मला तेव्हा नीट समजून घ्यायचं होतं, म्हणून हिशोब मांडला. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या वळणानंतरची सरळ पट्टी एक किलोमीटरहून लांब आहे. तिच्या टोकाला माझी गाडी १६५ च्या आसपास असते आणि चौथ्या वळणासाठी ती ७० वर आणावी लागते. गाडी आणि मी मिळून १,२०० किलो धरा. त्या एका ब्रेकमध्ये सुमारे दहा लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. त्यातला सत्तर टक्के भाग पुढच्या चाकांवर, म्हणजे एकेका डिस्कच्या वाट्याला साडेतीन लाख. साडेपाच किलोच्या बिडाच्या डिस्कचं तापमान तेवढ्याने सव्वाशे ते दीडशे अंशांनी चढतं, आणि ती पुरती थंड व्हायच्या आत पुढचं वळण येतं. उष्णता आधी साठवायची ती बिडाच्या वजनात. छिद्रं पाडली की नेमकं तेच वजन कमी होतं. शिवाय तापणं-निवणं सुरू असताना सगळा ताण छिद्राच्या कडेशी गोळा होतो, आणि भेग तिथूनच सुटते. पावसात पाण्याचा थर लवकर हटतो हा छिद्रांचा फायदा खरा आहे. महागड्या स्पोर्ट्स कारना कारखान्यातूनच छिद्रांच्या डिस्क येतात हेही खरं. पण त्या डिस्कचा घेर आणि जाडी बघा. २२ मिमी जाडीच्या डिस्कला ती चैन परवडत नाही.

खाचा मारलेल्या डिस्कचाही विचार केला. खाचांमुळे पॅडचा, म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणाऱ्या पट्टीचा, पृष्ठभाग घासून ताजा राहतो, पण पॅड लवकर झिजतात आणि घाटात घरघर ऐकू येते. माझ्या वापराला ते नको होतं. शेवटी ब्रेम्बोच्या साध्या डिस्क घेतल्या. ना छिद्र ना खाच, मधून हवा खेळणाऱ्या, कंपनीच्याच मापाच्या. जुन्या जोडीला जे दिले होते त्याच्या निम्म्याहून कमी पैसे लागले. वाचलेले पैसे पॅड आणि ब्रेक ऑइलवर घातले, आणि आज पुन्हा घ्यायची वेळ आली तरी तसंच करीन. डॉट ४ दर्जाच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू नवं असताना किमान २३० अंश आणि ओलावा शोषल्यावर किमान १५५ अंश एवढाच असावा लागतो. ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडे पावसाळा चार महिने असतो. मी रेसिंगचं, नवं असताना ३१२ अंशांना उकळणारं मोटुल आरबीएफ ६०० भरलं. पेडल खोल जाणं हे बहुतेक वेळा ऑइल उकळल्याने होतं, आणि शिव्या डिस्कला पडतात.

आता बसवण्याबद्दल. यावर मी सगळ्यात जास्त लिहिणार आहे, कारण आठ महिने ब्रेक गुळगुळीत चालले त्याचं मोठं श्रेय त्या एका दुपारला आहे.

डिस्क हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाला, एका छोट्या टी-३० टॉर्क्स स्क्रूने धरलेली असते. तो गंजून बसला होता. गॅरेजातल्या पोराने नुसता पाना लावून जोर दिला असता तर खाच गोल झाली असती. आप्पांनी त्याला थांबवलं, हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणला, तीन ठोके दिले, स्क्रू सुटला. पॅड दाबणारा कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला, ऑइलच्या रबरी नळीवर लोंबकळू दिला नाही. कॅलिपरचा पिस्टन मागे ढकलण्याआधी टाकीतलं थोडं ऑइल काढून घेतलं, कारण ते वर येऊन सांडलं तर रंग खातं.

मग हब. डिस्क निघाल्यावर हबच्या तोंडावर तपकिरी पापुद्रा दिसतो, आणि बहुतेक गॅरेजांत त्यावरच नवी डिस्क चढते. आम्ही तारेचा ब्रश मारला, पॉलिश पेपर मारला, ब्रेक क्लीनरने पुसलं. अवधान एमआयडीसीतल्या ओळखीच्या लेथवाल्याकडून डायल गेज आणला होता, डिस्क फिरताना किती डोलते ते मोजायला. नवी डिस्क चढवली, चाकाचे बोल्ट वॉशर टाकून आवळले, गेजचं टोक कडेजवळ टेकवलं आणि डिस्क हळूहळू फिरवली. काटा ०.०९ मिमी हलला. नव्या डिस्कला एवढं? आप्पा म्हणाले, "चालेल भाऊ, रस्त्यावर कळतही नाही." मी म्हटलं, "आप्पा, एकदा परत काढू." काढली. हबच्या मधल्या गोल उंचवट्याच्या मुळाशी, जिथे ब्रश पोचला नव्हता, तिथे गंजाचा कण चिकटलेला होता, तिळाहून लहान. तो पेचकसाने खरवडला, पुन्हा पुसलं, पुन्हा चढवली. काटा ०.०३ वर आला. आप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या बाजूचा हब त्यांनी स्वतः खाली बसून घासला.

तो कण एवढा महत्त्वाचा का? तो हबजवळ बसतो आणि डिस्कची कड त्याहून बरीच लांब असते, म्हणून तिथे फरक वाढतो. तिरकी बसलेली डिस्क दर फेरीला पॅडला एकाच जागी घासते. हजारो किलोमीटरमध्ये तिथे जाडी कमी होते किंवा पॅडचा माल चिकटतो, आणि मग ब्रेक मारला की थरथर. त्याला आपण "डिस्क वाकली" म्हणतो. खरोखर वाकलेली डिस्क क्वचितच सापडते. चाकाचे बोल्टही एअर गनने नाही, टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरवर, समोरासमोरचे आळीपाळीने आवळले.

दसऱ्याच्या पहाटे साडेपाचला नगाव बारीच्या पुढे रस्ता मोकळा असताना नवे पॅड डिस्कवर रुळवले. ८० वरून २० पर्यंत दहा वेळा, दरवेळी मधे थोडं अंतर जाऊ देत, आणि एकदाही पूर्ण न थांबता. तापल्या डिस्कवर पेडल दाबून उभं राहिलं तर पॅडचा छाप तिथेच उमटतो. मग ब्रेक न मारता सोनगीरपर्यंत जाऊन आलो. डिस्कवर एकसारखी निळसर-करडी झाक आली होती. मगच पूजा, झेंडूची माळ.

डिसेंबरच्या ट्रॅक डेला डिस्कच्या कडेवर तापमान दाखवणारे रंग लावले होते. हिरवा ४३० अंशांना रंग सोडतो, नारिंगी ५६० ला, लाल ६१० ला. पाच-पाच फेऱ्यांची चार सत्रं झाली, प्रत्येकाची शेवटची फेरी ब्रेक जपून. संध्याकाळी हिरवा पांढरा पडला होता, नारिंगी तसाच होता. म्हणजे डिस्क ४३० च्या वर गेल्या, ५६० ला पोचल्या नाहीत. पेडल पहिल्या फेरीत जिथे होतं तिथेच शेवटपर्यंत राहिलं. फेब्रुवारीतही तोच अनुभव. परतीच्या बिजासन घाटात मागे बायको झोपलेली होती, तिला जाग आली नाही.

मागच्या रविवारी मायक्रोमीटरने माप घेतलं. व्हर्निअर वापरू नका, झिजलेल्या डिस्कच्या कडेला ओठ तयार होतो आणि व्हर्निअर त्या ओठाचंच माप देतं. नवी २२ मिमी होती, आता सगळ्यात पातळ जागी २१.५. डिस्कवर कोरलेली किमान जाडी १९ आहे. पृष्ठभागावर केसांसारख्या बारीक रेषा आल्यात, नख अडकत नाही. ट्रॅकवर चालणाऱ्या साध्या डिस्कला त्या येतातच.

तक्रार म्हणाल तर पॅडची. सकाळी थंड असताना आग्रा रोडच्या गर्दीत किंचाळतात आणि पुढची अलॉय दोन दिवसांत काळी होते. मुसळधार पावसात पहिला ब्रेक क्षणभर उशिरा धरतो, तिथे छिद्रांच्या डिस्क बऱ्या होत्या. रात्रभर भिजल्यावर पृष्ठभाग तांबूस होतो, तो कोपऱ्यापर्यंत जाताना निघतो. घाटातून उतरल्या उतरल्या वॉशिंग सेंटरवर मात्र जाऊ नका. तापल्या बिडावर गार पाण्याचा फवारा ही डिस्कला मिळणारी सगळ्यात वाईट वागणूक आहे.

ऑइल दिवाळीनंतर बदलणार. छिद्रांची जुनी डिस्क आप्पांच्या गॅरेजात खिळ्याला टांगलेली आहे. कुणी तशी डिस्क लावून मागायला आलं की आप्पा ती खाली काढतात आणि गिऱ्हाइकाला भेगेवरून नख फिरवायला सांगतात.