वऱ्हाडासाठी खोल्या: दुपारी दोनचं चेक-इन की चोवीस तासांचा हिशोब?

बाहेरगावच्या वऱ्हाडासाठी वीसेक खोल्या धरायच्या म्हटलं की नागपुरात दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे वर्धा रोडवरचं मोठं हॉटेल: लग्नाचं लॉन जवळ, पार्किंग ऐसपैस, चेक-इन दुपारी दोनला. दुसरी म्हणजे बर्डी (सीताबर्डी), रामदासपेठ किंवा सेंट्रल अ‍ॅव्हेन्यूवरचं मध्यम हॉटेल, जिथे चावी घेतल्यापासून चोवीस तास मोजतात. लॉनच्याच खोल्यांमधला जानवसा नवरदेवाच्या घरच्या दहा-बारा जणांपुरता ठीक. त्याहून जास्त माणसं तिथे कोंबू नयेत.

दर, नाश्ता, लिफ्ट यांची चौकशी सगळेच करतात. माझ्या मते निकाल लावतं ते रिसेप्शनवरचं घड्याळ. मुंबईची सेवाग्राम एक्स्प्रेस भल्या सकाळी लागते, विदर्भ एक्स्प्रेस नऊच्या सुमारास, पुण्याच्या ट्रॅव्हल्स मागेपुढे. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला आंघोळ हवी असते आणि दोन तास पाठ टेकायची असते. त्याला दोनपर्यंत लॉबीत बसवणं आपल्याला शोभत नाही.

मोठी हॉटेलं यावर ‘फ्रेश होण्यापुरत्या तीन खोल्या सकाळी देतो’ असं सांगतात. हिशोब करून पाहा. चाळीस माणसं, तीन न्हाणीघरं, माणशी पंधरा मिनिटं धरली तर साडेतीन तास लागतात. त्यात साडी नेसायची कुठे आणि बॅगा ठेवायच्या कुठे? पंधरा लिटरच्या गीझरमधून दोनेक बादल्या निघाल्या की पुढचं पाणी तापायला पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, हे वेगळंच. सकाळी आठलाच सगळ्या खोल्या हव्या असतील तर आदल्या रात्रीचं भाडं भरावं लागतं. तीन हजारांच्या वीस खोल्या म्हणजे साठ हजार, वर पाच टक्के जीएसटी धरून त्रेसष्ट हजार. आणि त्या रात्री खोल्यांत कोणी झोपलेलंही नसतं. आमच्या घरच्या कार्यात याच एका गोष्टीने पारडं बर्डीकडे झुकलं.

चोवीस तासांच्या हॉटेलात सकाळी नऊला आलेले पाहुणे संध्याकाळचं लग्न लावून दुसऱ्या दिवशी नऊच्या आत निघाले की एकच दिवस लागतो. दुपारच्या पंगतीनंतर विदर्भ धरणाऱ्यांना दुसरा दिवस पडतो. तिथे थोडी युक्ती करावी: सगळं सामान दोन-तीन खोल्यांत गोळा करून बाकीच्या वेळेवर सोडायच्या.

या पद्धतीत फसगतही होते, आणि ती दोनच ठिकाणी. उत्साही मामा पहाटे जाऊन वीसच्या वीस चाव्या ताब्यात घेतात आणि सगळ्या खोल्यांचं घड्याळ तिथेच सुरू होतं. चाव्या गाडीगणिक घ्याव्यात आणि रजिस्टरमध्ये खोलीसमोर वेळ लिहिली जाताना आपला माणूस काउंटरवर उभा असावा. दुसरी अडचण जास्त त्रासाची. आधीचा गिऱ्हाईक काल अकराला आला असेल तर आज अकरापर्यंत खोली त्याचीच असते. म्हणून आगाऊ रक्कम देतानाच लिहून घ्यावं की या खोल्या आदल्या संध्याकाळपासून रिकाम्या ठेवल्या जातील आणि सकाळी सातला तयार मिळतील. ‘होऊन जाईल साहेब’ एवढ्यावर थांबू नये. काही हॉटेलं यासाठी खोलीमागे थोडं जास्त मागतात. ते द्यावं, आदल्या रात्रीच्या पूर्ण भाड्यापेक्षा कमीच पडतं.

वर्धा रोडच्या बाजूनेही बोलायला हवं. निम्मे पाहुणे विमानाने दुपारी उतरणार असतील तर दोनचं चेक-इन आड येत नाही, आणि विमानतळ, हॉटेल, लॉन एकाच रस्त्यावर पडतात. डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बर्डी, सिव्हिल लाइन्स, रामदासपेठ भरून जातं. त्या आठवड्यांतलं लग्न असेल तर मीही वर्धा रोडच पाहीन. वर्धा रोडवरच्याच जामठा स्टेडियमवर क्रिकेटचा सामना असेल तेव्हा मात्र उलटं. तारीख ठरली की आधी या दोन गोष्टी तपासाव्यात.

हळद कुठेही असो, हॉटेलच्या पांढऱ्या टॉवेलला आणि उशीच्या अभ्र्याला पिवळी बोटं लागतात आणि बिलात डागांचे पैसे लागतात. गांधीबागेच्या कापडबाजारातून गडद रंगाचे वीस-पंचवीस टॉवेल आणून खोल्यांत ठेवले तर हा वाद उद्भवत नाही.

ठरवताना अजून दोन बाबी कागदावर हव्यात: न लागलेल्या खोल्या किती दिवस आधी विनाखर्च सोडता येतील, आणि जादा गादीचे किती. पंधरा दिवसांची मुदत मिळाली तर चांगलं. आधी वीस धरून सोळावर येणं जमतं. सोळा धरून ऐन मुहूर्तात चार वाढवणं कोणत्याच रस्त्यावर जमत नाही. प्रत्येक प्रौढ पाहुण्याच्या ओळखपत्राचा फोटो आधीच मागवून खोलीवार यादी काउंटरवर देऊन ठेवा, म्हणजे सेवाग्रामने उतरलेल्या आत्याबाईंना पर्स उपसत उभं राहावं लागणार नाही.