पिंजऱ्याला न भुलणाऱ्या मांजरांसाठी ड्रॉप ट्रॅप : वापरून काय वाटलं

पहिलंवहिलं मांजर नसबंदीला न्यायचं असेल तर हा ट्रॅप घेऊ नका. साधा लांबट पिंजरा घ्या. वासाने मांजर आत जातं, शेवटच्या वाटीकडे जाताना पायाखालची पट्टी दबते, मागे दार पडतं, काम झालं. बहुतेक मांजरं त्यातच सापडतात.

मी लिहितेय ते उरलेल्या मांजरांबद्दल. एकदा अडकून सुटलेली, दुसऱ्याला अडकताना पाहिलेली किंवा मुळातच संशयी. ती पिंजऱ्याला प्रदक्षिणा घालतात, बाहेरून जाळीत पंजा घालून मासा ओढून नेतात, आणि आपण लपलोय तिकडे बघत शांतपणे तोंड पुसतात. अशा नगांसाठी ड्रॉप ट्रॅप.

प्रकार अगदी साधा आहे. बूड नसलेली चौकोनी चौकट, साधारण तीन फूट बाय तीन फूट, उंची फूटभर, वर आणि बाजूंनी जाळी. एक कड उचलून काठीवर टेकवायची. काठीला दोरी, दोरीचं टोक आपल्या हातात. मांजराला अरुंद बोळात शिरावं लागत नाही, म्हणून ते येतं. शिवाय दोरी कधी ओढायची ते आपण ठरवतो, आणि माझ्या मते पैसे वसूल होतात ते इथेच. कानाचं टोक कापलेली, म्हणजे नसबंदी झालेली मांजर आली तर तिला निवांत खाऊ द्या. सड दिसणारी, पिल्लांना पाजणारी आई आली तर दोरी ओढायच्या आधी विचार करता येतो, कारण ती दिवसभर दवाखान्यात राहिली तर कुठेतरी आडोशाला पिल्लं उपाशी पडतील. आणि पिल्लं थोडी मोठी होऊन तिच्या मागे फिरत असतील तर सगळी एकदम जाळीखाली येईपर्यंत थांबता येतं. पट्टीच्या पिंजऱ्याला यातलं काहीच कळत नाही.

एक करडी मांजरी मला बराच काळ हुलकावणी देत होती. ती ट्रॅपखाली आली, पण मागचे पाय बाहेर ठेवून मान लांब करून खायला लागली. अशा वेळी हात शिवशिवतो, पण ओढायचं नाही. कड पाठीवर किंवा शेपटीवर पडते. वाटी पार मागच्या कोपऱ्यात ठेवली असेल तर मांजराला पुढे यावंच लागतं. ती आली, मान खाली घातली, मी दोरी ओढली.

आणि खरी परीक्षा यानंतर सुरू होते. आत मांजर उसळतं, ट्रॅप हलका आहे, दांडगा बोका असेल तर एक कड उचलून निसटू शकतो. त्यामुळे लगेच धावत जाऊन चौकट दाबून धरायची आणि जाड चादर टाकायची. अंधार झाला की मांजर एकदम गप्प होतं. मग ट्रॅपच्या बाजूचं वर सरकणारं दार नेण्याच्या पिंजऱ्याच्या दाराला भिडवायचं, ट्रॅप झाकलेला ठेवायचा आणि पिंजऱ्याचं पलीकडचं टोक बंदच, पण त्यावर चादर नको. उजेड दिसतो तिकडे मांजर जातं. हात घालायचा प्रश्नच नाही.

माझ्या ट्रॅपची गोची नेमकी या दारात आहे. जमीन जरा खालीवर असली की चौकट पिळते आणि दार खाचेत अडकतं. खाचेला मेणबत्ती घासल्यावर आता बऱ्यापैकी सरकतं. दोन दारं एकमेकांना धरून ठेवायला कडीही दिलेली नाही, मी पट्ट्याने आवळते. मांजराच्या डोक्याएवढी फट म्हणजे मांजराएवढीच फट समजायची. सोबतची दोरी आखूड होती, बदलली. काठी गुळगुळीत फरशीवर घसरायची, खाली रबरी टोपण बसवलं. जाळी मात्र उत्तम: मऊ विणीची आहे, त्यामुळे मांजराचं नाक सोलवटत नाही. तारेच्या मोठ्या भोकांच्या पिंजऱ्यात ते बऱ्याचदा सोलवटतं.

जाहिरातीत ‘लहान कुत्र्यांसाठीही’ लिहिलंय ते विसरा. कुत्रा चौकट उधळून देईल, आणि त्या दिवसापासून तुम्ही दिसलात की लांबूनच भुंकून बाकीच्यांनाही सावध करेल. कुत्र्यांसाठी सरावलेली माणसं आणि गोल कड्याचं जाळं, किंवा दार बांधून उघडं ठेवलेला मोठा पिंजरा, ज्यात तो रोज निर्धास्त खायला लागला की मगच दार सोडायचं. खाण्यात गुंगीचं औषध घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. डॉक्टर सोबत नसतील तर अजिबात नको. किती खाल्लं कळत नाही आणि अर्धवट गुंगीतलं जनावर थेट गाड्यांखाली जातं.

आमिष चमचाभरच ठेवा, ऑपरेशनला भूल द्यायची असते, पोट भरलेलं नको. आणि ऑपरेशनची वेळ आधी ठरवा, मग दोरी बांधा. बोका पकडून ‘आता याला कुठे ठेवू’ असे फोन मला रात्री येतात.

एकूण पाचपैकी चार, गेलेला एक त्या दाराचा. घेणार असाल तर विक्रेत्याकडून दार उघडझाप करतानाचा व्हिडिओ मागवा, तोही सपाट टेबलावरचा नको, मातीवरचा. आणि जोडायचा पिंजरा तुमच्याकडे आधीच असेल तर त्याच्या दाराची रुंदी मोजून मगच ऑर्डर द्या.