कोलविल की ब्रँथवेट? डाव्या पायाच्या सेंटर बॅकने कुणाला बघावं

डाव्या पायाचा सेंटर बॅक, म्हणजे बचावाच्या मध्यभागी खेळणारा पोरगा, घरात असला की प्रश्न लवकरच येतो: ह्याला सामने दाखवायचे तर कुणाचे? लिव्हरपूलचा व्हॅन डाइक, आर्सेनलचा सलीबा, दोघेही उजव्या पायाचे. चेंडू घेताना ते जसे वळून उभे राहतात, तसं उभं राहणं डाव्या पायाच्या पोराच्या कामाचं नाही. इंग्लंडच्या तरुण फळीत मात्र दोन नावं समोर येतात, चेल्सीचा लिवाय कोलविल आणि एव्हर्टनचा जॅरड ब्रँथवेट. एक फेब्रुवारी 2003 चा, दुसरा जून 2002 चा. दोघेही डाव्या पायाचे, दोघेही आधी लोनवर, म्हणजे उसने म्हणून दुसऱ्या क्लबांत जाऊन घडलेले, दोघांनाही इंग्लंडची जर्सी मिळालेली, आणि 2024 च्या युरोला दोघांपैकी एकही गेला नाही.

माझा भाचा कोल्हापुरात शाळेच्या संघातून खेळतो. रात्री उशिरापर्यंत दोन-दोन सामने बघणं त्याला परवडत नाही आणि मलाही नाही, म्हणून एकच निवडावा लागला. तुमचं पोर वेगळ्या मैदानावर, वेगळ्या कोचकडे असेल तर तुमचा निर्णय उलटाही होऊ शकतो, हे आधीच सांगतो.

गोष्ट म्हणून ऐकायला कोलविलची कारकीर्द सरस आहे, यात वाद नाही. साउदॅम्प्टनचा पोरगा, लहानपणीच चेल्सीच्या अकादमीत गेला. 2021-22 मध्ये हडर्सफील्डला लोनवर पाठवला, तिथं पोरसवदा वयात चॅम्पियनशिपचा, म्हणजे दुसऱ्या स्तराचा, अख्खा मोसम गाजवला आणि संघ प्रीमियर लीगमध्ये बढती देणाऱ्या प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यापर्यंत पोचला. वेम्ब्लीवर नॉटिंगहॅम फॉरेस्टविरुद्ध, मध्यंतराच्या तोंडाशी आलेला क्रॉस अडवायला त्याने पाय घातला आणि चेंडू स्वतःच्याच जाळ्यात गेला. सामना 1-0 ने गेला, त्याबरोबर प्रीमियर लीगही गेली. एकोणीस वर्षांचा होता तेव्हा. पुढच्या मोसमात ब्रायटनचा डावा बचावपटू कुकुरेया चेल्सीला आला तेव्हा हा ब्रायटनला लोनवर गेला आणि प्रशिक्षक डी झेर्बीच्या हाताखाली शिकला. 2023 मध्ये इंग्लंडने 21 वर्षांखालील युरो जिंकला. अख्ख्या स्पर्धेत एकही गोल खाल्ला नाही, आणि मधल्या जोडीत हा होता. त्या संघात ब्रँथवेटही होता, पण पहिली पसंती कोलविल आणि हारवूड-बेलिस यांना. पुढे 25 मे 2025 ला, मोसमाच्या शेवटच्या दिवशी, त्याच फॉरेस्टच्या मैदानावर कोलविलच्या गोलने चेल्सी 1-0 ने जिंकली आणि चॅम्पियन्स लीगमध्ये गेली. एवढं जुळून आलेलं क्वचितच बघायला मिळतं.

ब्रँथवेटची गोष्ट साधी. स्कॉटलंडच्या सीमेजवळचं कार्लाइल हे त्याचं गाव. तिथल्याच क्लबकडून चौथ्या स्तरावर सुरुवात, जानेवारी 2020 मध्ये एव्हर्टन, मग काही महिने ब्लॅकबर्न, मग 2022-23 मध्ये नेदरलँड्सला पीएसव्ही आयंडहोवन. तिथं डच कप जिंकून परत आला आणि 2023-24 मध्ये एव्हर्टनच्या बचावात जो उभा राहिला, तो हललाच नाही. त्या मोसमात आर्थिक नियम मोडल्याबद्दल एव्हर्टनचे एकूण आठ गुण कापले गेले. तरी संघ खालच्या स्तरावर घसरण्यापासून वाचला तो बचावामुळे. लीगमध्ये 51 गोल खाल्ले. त्याहून कमी खाणारे तीनच संघ होते: आर्सेनल, मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल. 2024 च्या उन्हाळ्यात मँचेस्टर युनायटेडने बोली लावली, एव्हर्टनने ती नाकारली, आणि 2025 मध्ये त्याने नवा करार करून तिथंच राहायचं ठरवलं.

आता खेळ. चेंडू पायात असताना कोलविल सरस आहे, हे मान्यच करावं लागतं. डी झेर्बीच्या बचावपटूंची एक खूण असते: चेंडूवर तळवा ठेवून थांबायचं. समोरचा फॉरवर्ड अंगावर यावा म्हणून वाट बघायची, तो आला की त्याने सोडलेल्या जागेतून पास काढायचा. कोलविल हे इतक्या निवांतपणे करतो की बघणाऱ्याचाच जीव खालीवर होतो. भाच्याला हेच सगळ्यात आधी आवडलं, आणि पुढच्याच सामन्यात त्याने करून बघितलं. तळवा ठेवला, थांबला, फॉरवर्ड आला. मग पास द्यायला गेला तर चेंडू खड्ड्यावरून उडून नडगीला लागला आणि आयता फॉरवर्डच्या पायात. कोच काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. टर्फवर खेळणाऱ्या पोराला हे जमेलही. आमच्याकडच्या मैदानावर चेंडू टप्पा कुठं घेईल, याचा नेम नाही.

पण माझा निर्णय त्यामुळे झाला नाही. तो झाला कॅमेऱ्यामुळे.

चेल्सीचा संघ पुढं सरकून खेळतो. हल्ला चालू असताना कोलविल मैदानाच्या मध्यरेषेच्या आसपास उभा असतो आणि टीव्हीचा कॅमेरा प्रतिस्पर्ध्याच्या बॉक्सवर असतो. चेंडू हरवतो, कुणीतरी लांब फटका मारतो, कॅमेरा गरकन वळतो, तोवर कोलविल धावत सुटलेला असतो. टॅकल दिसतो, गोल वाचलेला दिसतो. दिसत नाही ते त्याआधीचं: तो फॉरवर्डच्या किती मागे होता, त्याने मागं सरकायला कधी सुरुवात केली, साथीदाराला हाक मारली की नाही. आणि सेंटर बॅकचं खरं काम तर तेवढंच असतं. टॅकल हा शेवटचा उपाय. प्रत्येक सामन्यात दहा-पंधरा मिनिटांनी भाचा विचारायचा, "मामा, कोलविल हाय कुठं?" आणि मी स्क्रीनच्या बाहेर बोट दाखवायचो. स्टेडियममध्ये बसणाऱ्याला ही अडचण येणार नाही. पण आपण बघतो ते टीव्हीवर, तेही बऱ्याचदा मोबाइलवर, आणि मला तरी ह्या गोष्टीचा वैताग आला.

प्रशिक्षक शॉन डाइशच्या एव्हर्टनचं उलटं होतं. संघ स्वतःच्या बॉक्ससमोर दाटीवाटीने उभा, चेंडू बराच वेळ समोरच्याकडे. ऐकायला कंटाळवाणं वाटतं, आणि खरं सांगायचं तर काही सामने तसे होतेही. पण ब्रँथवेट सतत कॅमेऱ्याच्या चौकटीत असतो. शेजारी दुसरा सेंटर बॅक टार्कोव्हस्की. तो पुढं जाऊन हेडरला उडी मारतो तेव्हा ब्रँथवेट दोन पावलं मागं आणि आत येतो. क्रॉस येण्याआधी तो मान वळवून मागच्या खांबाकडे बघतो. उंची 1.95 मीटर असूनही वळायला जड नाही, म्हणून उगाच घाई करत नाही. हे सगळं मोबाइलच्या स्क्रीनवरही दिसतं, आणि पोराला थांबवून, मागं घेऊन दाखवता येतं.

शिवाय ब्रँथवेट-टार्कोव्हस्की ही जोडी टिकली. कोलविलने चार मोसमांत पाच प्रशिक्षक बघितले, आणि चेल्सीत पोचेत्तिनो प्रशिक्षक असताना तर तो बराचसा लेफ्ट बॅकच खेळला. शेजारी कधी थियागो सिल्वा, कधी दिसासी, कधी बादियाशील, कधी फोफाना. चूक याची की त्याची, हे मोठ्यांना कळत नाही, तर पोराला काय कळणार?

ब्रँथवेटच्या बाजूने सगळंच गोड नाही. डाइशच्या संघात त्याच्या डाव्या पायाचा वापर लांब फटक्यांपलीकडे फार व्हायचा नाही, पीएसव्हीत शिकलेलं अर्धं झाकलेलंच राहायचं. आणि मांडीच्या मागच्या स्नायूची दुखापत त्याची पाठ सोडत नाही. अर्थात 2025-26 चा मोसम दोघांशिवायच सुरू झाला. कोलविलच्या गुडघ्याचं लिगामेंट ऑगस्टमध्येच सरावात फाटलं. त्यामुळे जुने सामनेच जास्त बघावे लागतात, आणि एका परीने ते बरंच, कारण आपल्याला हवं तिथं थांबता येतं.

तुमच्या पोराचं मैदान सपाट असेल, कोच मागून पास काढत खेळायला सांगत असेल, तर कोलविलचा 2024-25 चा मोसम घ्या. मला वाटतं त्या बाबतीत त्याच्या तोडीचा डाव्या पायाचा तरुण इंग्लंडकडे नाही. पण पोर अजून उभं कुठं राहायचं हेच शिकत असेल, तर आधी ब्रँथवेट. सुरुवात 24 एप्रिल 2024 च्या, एव्हर्टनच्या तेव्हाच्या गुडिसन पार्क मैदानावरच्या डर्बीने, म्हणजे एकाच शहरातल्या लिव्हरपूलविरुद्धच्या सामन्याने करा. लिव्हरपूल विजेतेपदाच्या शर्यतीत होतं. एव्हर्टनने 2-0 ने हरवलं, त्या मैदानावर लीगमध्ये 2010 नंतर पहिल्यांदाच. पहिला गोल ब्रँथवेटचाच आहे, पण तो धक्काबुक्कीतून झालेला गोल, शिकण्यासारखं त्यात काही नाही, पुढं सरकवला तरी चालेल. त्यानंतरची पंधरा मिनिटं आवाज बंद करून लावा आणि पोराला चेंडूकडे न बघता फक्त त्याच्याकडे बघायला सांगा.